बायोगॅस प्रकल्पातील मिक्सर: सुरक्षित वापर आणि देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्याच्या प्रेसमडवर (रस शुद्ध करताना उरणाऱ्या गाळावर), आसवनीच्या स्पेंटवॉशवर (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर) किंवा शेणावर चालणाऱ्या मोठ्या बायोगॅस प्रकल्पांतील ऑपरेटर, फिटर आणि पाळीप्रमुख जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. निर्मात्याची पुस्तिका आणि येथील मजकूर यांत तफावत आढळल्यास पुस्तिका प्रमाण मानावी. चालू मिक्सरपासून माणसे आपोआप चार हात लांब राहतात, बंद पडलेल्या मिक्सरपाशी मात्र निर्धास्त होतात. म्हणूनच बंद मिक्सर पुन्हा सुरू करणे, वर काढणे आणि त्यासाठी टाकीत उतरणे यांविषयीची उत्तरे अधिक सविस्तर आहेत.

डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार होणाऱ्या बंद टाकीत, मिक्सर नेमके काय काम करतो?

नव्याने आलेला माल जिवाणूंपर्यंत पोहोचवणे, टाकीभर तापमान सारखे ठेवणे, वर साय धरू न देणे, तळाशी वाळू बसू न देणे आणि स्लरीत (टाकीतील द्रव मिश्रणात) अडकलेले वायूचे बुडबुडे मोकळे करणे, अशी पाच कामे तो एकाच वेळी करतो. पहिल्या चार कामांत खंड पडला तर गॅसचे उत्पादन घटते. पाचवे काम थांबले तर ते वरवर दिसतही नाही, पण सुरक्षेच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

वरून बसवलेला ॲजिटेटर चांगला की सबमर्सिबल मिक्सर?

देखभाल करणाऱ्याच्या नजरेतून पाहिल्यास वरून बसवलेल्या ॲजिटेटरची मोटर आणि गिअरबॉक्स टाकीच्या बाहेर असतात, त्यामुळे तेल बदलणे, आवाज ऐकणे आणि बेअरिंगचे तापमान पाहणे सोपे जाते. तो मिनिटाला साधारण १० ते ४० फेरे इतक्या संथ गतीने फिरतो. त्याचा शाफ्ट लांब असतो आणि पाती खाली वाकली किंवा सुटली तर बहुधा टाकी रिकामी करावी लागते. सबमर्सिबल मिक्सर विंचने (दोर गुंडाळून ओझे उचलणाऱ्या यंत्राने) वर काढता येतो, पण त्याची मोटर, सील आणि केबल कायम स्लरीत बुडालेली असल्यामुळे बिघाड सुरू झाला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. घट्ट प्रेसमडसाठी आणि उंच टाकीसाठी पहिला, तर पातळ स्लरीच्या रुंद टाकीसाठी आणि झाकलेल्या तळ्यासाठी दुसरा, असा सर्वसाधारण कल ठेवावा.

मिक्सर सतत चालवावा की ठरावीक वेळाने?

घन पदार्थांचे प्रमाण ८ ते १२ टक्के असलेल्या टाकीत संथ ॲजिटेटर सतत चालवणे आणि वेगवान सबमर्सिबल मिक्सर टप्प्याटप्प्याने चालवणे, ही रूढ पद्धत आहे. बिलाकडे पाहून मिक्सिंगचे तास कमी करण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र कपात हळूहळू करावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर सायीची जाडी व मोटरचा करंट पाहावा. फीडिंगच्या (टाकीत माल सोडण्याच्या) वेळी आणि त्यानंतर काही काळ मिक्सर चालू असलाच पाहिजे.

मिक्सर दोन-तीन दिवस बंद होता. आता तो कसा सुरू करावा?

हे काम घाईने केल्यास अख्खा डायजेस्टर उसळू शकतो. मिक्सर थांबला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. त्यांनी तयार केलेला वायू घट्ट स्लरीत आणि सायीखाली बुडबुड्यांच्या रूपाने कोंडून राहतो आणि त्यामुळे फीडिंग बंद असतानाही स्लरीची पातळी वर चढते. ही वाढ टाकीच्या तळाशी दाब मोजणारा लेव्हल ट्रान्समीटर दाखवत नाही, कारण स्लरीचे वजन तेवढेच राहते. छतावरून पृष्ठभाग मोजणारा रडार मात्र ती दाखवतो. ज्या प्रकल्पात केवळ तळाचा ट्रान्समीटर आहे तेथे निरीक्षण काचेतून प्रत्यक्ष पातळी पाहिल्याखेरीज बटण दाबू नये.

अशा टाकीत मिक्सर एकदम पूर्ण वेगाने फिरवला तर कोंडलेला वायू काही मिनिटांत बाहेर पडतो, फेस उसळतो, तो गॅसच्या पाइपमध्ये व दाबमुक्ती झडपेत शिरतो आणि दाब मोकळा होण्याची वाट ज्या क्षणी हवी असते त्याच क्षणी बंद होते. त्यामुळे प्रथम फीडिंग थांबवावे. वर जागा कमी असेल तर थोडी स्लरी काढून पातळी खाली आणावी. फ्लेअर (जास्तीचा गॅस जाळणारा बर्नर) पेटतो आहे, गॅस साठवणाऱ्या बलूनमध्ये जागा आहे आणि दाबमुक्ती झडपेतील पाणी योग्य पातळीवर आहे याची खात्री करावी. छतावर कोणीही नाही हे पाळीप्रमुखाने स्वतः पाहावे. त्यानंतर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) सर्वांत कमी वेगाने काही मिनिटे मिक्सर फिरवून थांबवावा, वायूचा दाब पूर्ववत होऊ द्यावा आणि मग पुन्हा फिरवावा. पूर्ण वेगावर येण्यास अर्धा दिवस लागला तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये.

पाती वाळूत रुतली असतील तर मोटर जागची हलत नाही आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाल्यास वीज तोडणारे उपकरण) ट्रिप होतो. तेव्हा ट्रिपचे सेटिंग वाढवून जोर लावणे म्हणजे गिअरबॉक्सचे दात किंवा शाफ्टचे कपलिंग पणाला लावणे होय. रिसर्क्युलेशन पंपाने तळाची स्लरी हलवून गाळ सैल करावा. उलटे फिरवून पाहण्याची युक्ती निर्मात्याने लेखी परवानगी दिली असेल तरच वापरावी.

मोटरच्या अँपिअरवरून काय ओळखता येते?

पुष्कळ काही, पण नोंदवही असेल तरच. उदाहरणार्थ, एरवी १४ अँपिअर घेणारी मोटर आठवडाभरात १५, १६, १७ अशी चढत गेली, तर स्लरी घट्ट होत आहे, पात्यांना तंतू गुंडाळले गेले आहेत किंवा बेअरिंग जड झाले आहे, यांपैकी एक कारण असते. घन पदार्थांचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासल्यास पहिले कारण लगेच खरे-खोटे ठरते. करंट अचानक निम्म्यावर आला तर पाते गळून पडले आहे, कपलिंग तुटले आहे किंवा पात्याभोवती वायूचा पोकळ भोवरा तयार झाला आहे. करंट सतत वरखाली झुलत असेल तर एखादे पाते झिजून असमतोल झाला आहे किंवा वरची साय तुकड्यांनी पात्यांत येत आहे. तिन्ही फेजचे आकडे वेगवेगळे लिहावेत. एकच आकडा लिहिण्याच्या सवयीमुळे एका फेजचा बिघाड मोटर जळेपर्यंत कळत नाही.

मोटर फ्लेमप्रूफ आहे. मग ठिणगीची भीती कशाला?

मिथेनचे हवेतील प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के या मर्यादेत असले की मिश्रण स्फोटक ठरते. टाकीच्या आत एरवी हवा नसल्यामुळे आग लागत नाही. झाकण उघडले, सील कोरडे पडले किंवा टाकी रिकामी करताना आत हवा शिरली की मिश्रण या मर्यादेतून जाते. फ्लेमप्रूफ आवरण आतला स्फोट थांबवत नाही. आत पेटलेली ज्वाला झाकणाच्या अरुंद सांध्यातून बाहेर पडताना थंड व्हावी, इतकेच त्याचे काम असते. त्यामुळे जंक्शन बॉक्सच्या आठ बोल्टपैकी दोन कमी असले, सांध्यावर रंग किंवा सिलिकॉन फासले, केबल ग्लँड (केबल आत शिरते तेथील घट्ट जोडणी) साधी बसवली किंवा न वापरलेले छिद्र चिंधीने बुजवले, तर पाटीवर ‘फ्लेमप्रूफ’ लिहिलेले असूनही ती मोटर साध्या मोटरइतकीच धोकादायक असते. छतावर चढून बोल्ट मोजणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि तीच सर्वांत कमी केली जाते.

खरेदी करताना वायूचा गट आणि तापमान वर्गही पाहावा. मिथेन हा गट २ए मध्ये येतो, पण हायड्रोजन सल्फाइड २बी या अधिक सहज पेटणाऱ्या वायूंच्या गटात येतो आणि त्याचे स्वयंप्रज्वलन तापमान सुमारे २६० अंश सेल्सिअस, म्हणजे मिथेनपेक्षा खूपच कमी आहे. टी३ वर्गाच्या मोटरचे पृष्ठतापमान २०० अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे ते या तापमानाच्या खालीच राहते. भारतात अशा उपकरणांना पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. जळालेली फ्लेमप्रूफ मोटर गावातल्या नेहमीच्या वाइंडिंगवाल्याकडे दिली की तिचा सांधा आणि ग्लँड मूळ मापात राहतील याची हमी उरत नाही, म्हणून ती अशा दुरुस्तीसाठी पात्र असलेल्या कार्यशाळेतच द्यावी.

सबमर्सिबल मिक्सरबाबत आणखी एक अट आहे. तो पूर्ण बुडालेला असेल तरच त्याची मोटर थंड राहते आणि स्फोटरोधक प्रमाणपत्रही बहुधा त्याच अटीवर दिलेले असते. पातळी खाली गेल्यास मिक्सर आपोआप बंद होईल असा इंटरलॉक असावा आणि तो बायपास केलेला नसावा.

वॉटर सीलमधील पाणी वारंवार कमी होते. हे साधारण आहे का?

उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे काही प्रमाणात कमी होणारच, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात. शाफ्टभोवतीची नळी स्लरीत बुडालेली असते आणि वरच्या भांड्यातील पाणी वायूला अडवते. हे पाणी आटले की शाफ्टच्या बाजूने गॅस गळू लागतो, तोही नेमका मोटरच्या खाली. प्रत्येक पाळीत दर्शक काच पाहावी. पाणी एका दिवसात झपाट्याने उतरत असेल तर भांडे गळत आहे किंवा टाकीतील दाब ठरलेल्यापेक्षा जास्त होऊन पाणी उडवत आहे. दुसऱ्या शक्यतेत केवळ पाणी भरून स्वस्थ बसणे चुकीचे आहे.

वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असे समजावे का?

मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास १ पीपीएमच्याही (दहा लाख भागांत एक भाग) खाली जाणवतो, परंतु सुमारे १०० पीपीएमला नाकाची संवेदना बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि १,००० पीपीएमच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या परिशिष्टात ८ तासांच्या सरासरीची मर्यादा १० पीपीएम दिली होती (हा अधिनियम नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता). सल्फिटेशन पद्धतीच्या (रस शुद्ध करण्यासाठी सल्फर डायऑक्साइड वापरणाऱ्या) कारखान्याच्या प्रेसमडपासून निघणाऱ्या गॅसमध्ये हा वायू काही हजार पीपीएम असू शकतो, तर स्पेंटवॉशवर त्याचे मोजमाप थेट टक्क्यांत होते. छतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाला चार वायू मोजणारा डिटेक्टर लावलेला असावा. तो कार्यालयाच्या कपाटात चार्जिंगला ठेवलेला असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही.

कच्च्या मालाच्या उघड्या टाकीतील मिक्सरलाही एवढी काळजी लागते का?

काही बाबतींत जास्तच. उघडी टाकी म्हटली की मोकळी हवा आहे असे गृहीत धरले जाते. नोव्हेंबर २००५ मध्ये जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील ऱ्हाडेरआयश्टेट येथील बायोगॅस प्रकल्पात कत्तलखान्याचा टाकाऊ माल उतरवताना हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडला आणि चार जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडचा माल वेगळा असला तरी रसायनशास्त्र तेच आहे. स्लरीत विरघळलेला सल्फाइड अल्कधर्मी स्थितीत बराचसा द्रावातच राहतो, पण आम्लता वाढली की तो वायुरूपात निसटतो. डायजेस्टरमधून परत आणलेली स्लरी आणि ताजा, आम्लधर्मी स्पेंटवॉश एकाच टाकीत ओतून वरून मिक्सर चालू केला, तर नेमकी हीच स्थिती तयार होते. मिक्सर पृष्ठभाग सतत उलटापालटा करत असल्यामुळे वायू सुटण्याचा वेगही वाढतो. नवा माल पहिल्यांदा मिसळताना बादलीभर नमुना मोकळ्या जागेत एकत्र करून त्यावर डिटेक्टर धरावा. टाकीवर झाकण आणि वायू ओढून घेणारा पंखा असावा, आणि मिक्सर चालू असताना काठावर उभे राहून काठीने साय फोडण्याची प्रथा बंद करावी.

दुरुस्तीपूर्वी वीज कशी तोडावी?

कंट्रोल रूममधील स्टॉप बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. ज्या मिक्सरला टायमर किंवा पीएलसी (स्वयंचलित नियंत्रक) स्वतःहून सुरू करते, त्याचे बटण कोणत्या क्षणी निरर्थक ठरेल ते सांगता येत नाही. पॅनेलमधील आयसोलेटर (वीजपुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावावे, काम करणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप असावे आणि किल्ली त्याच्याच खिशात असावी. नंतर स्थानिक स्टार्ट बटण दाबून मिक्सर खरोखर सुरू होत नाही ना, हे पाहावे. व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटे साठून राहते, म्हणून पाटीवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. पाळी बदलली तरी कुलूप बदलल्याशिवाय काम पुढे सरकू नये.

सबमर्सिबल मिक्सर वर काढताना काय पाहावे?

विंचचा वायर रोप आधी पाहावा, मिक्सर नंतर. स्लरीच्या पृष्ठरेषेवर, जेथे ओलावा, हवा आणि सल्फाइड एकत्र येतात, तेथे रोप सर्वांत लवकर गंजतो. ग्रीसखाली तुटलेल्या तारा लपलेल्या असतात. कापडाने पुसून, जाड हातमोजे घालून तोच भाग तपासावा. केबलने मिक्सर कधीही उचलू नये. केबल रोपला बांधलेली असते त्या क्लिपांपाशी तिचे आवरण घासले जाते आणि तेथूनच ओलावा मोटरपर्यंत जातो.

झाकण उघडण्यापूर्वी मिक्सिंग व फीडिंग थांबवून टाकीतील दाब खाली आणावा, वाऱ्याची दिशा पाहावी आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे. परिसरात वेल्डिंग, ग्राइंडर आणि मोबाइल बंद असावेत. छतावर हार्नेस बांधूनच काम करावे, कारण गॅसने चक्कर आलेला माणूस उघड्या झाकणाच्या दिशेनेही पडू शकतो. बाहेर काढलेल्या मिक्सरला चिकटलेली स्लरी काही वेळ वायू सोडत राहते, म्हणून तो लगेच बंद कार्यशाळेत नेऊ नये.

ॲजिटेटरच्या दुरुस्तीसाठी डायजेस्टरमध्ये उतरावेच लागणार आहे. तयारी कशी करावी?

सर्वप्रथम, खरोखर उतरावेच लागेल का, हा प्रश्न लेखी विचारावा. काही वेळा क्रेनने शाफ्ट संपूर्ण वर काढणे महाग पण सुरक्षित ठरते.

उतरणे टळत नसेल तर टाकी शेजारच्या टाक्यांपासून तोडावी. त्यासाठी झडप बंद करणे पुरेसे नाही. झडपेच्या बैठकीत वाळू अडकलेली असते आणि ओव्हरफ्लोच्या पाइपवर तर अनेकदा झडपच नसते, त्यामुळे दुसऱ्या डायजेस्टरचा गॅस त्या वाटेने परत येतो. प्रत्येक जोडणीवर ब्लाइंड फ्लँज (पाइपचे तोंड पूर्ण बंद करणारी चकती) बसवावी. टाकी रिकामी करताना आधी नायट्रोजनने मिथेन हुसकावून मग हवा खेळवल्यास मिश्रण स्फोटक मर्यादेतून जात नाही. पण नायट्रोजन भरलेल्या टाकीत प्राणवायू नसतो आणि त्याला वासही नसतो, हे सर्वांना माहीत असले पाहिजे. हवा सोडल्यावर लोखंडी भागांवरचा काळा आयर्न सल्फाइडचा थर कोरडा होऊ देऊ नये. तो हवेत आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून पाण्याने भिजत ठेवावा.

वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजमाप घ्यावे. प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा जास्त, ज्वलनशील वायू खालच्या स्फोटक मर्यादेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमपेक्षा कमी, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्याशिवाय परवाना देऊ नये. सकाळी घेतलेले माप दुपारी चालत नाही, कारण तळाच्या गाळात फावडे मारले की त्यातला वायू नव्याने सुटतो. ब्लोअर आणि डिटेक्टर काम संपेपर्यंत चालू राहिले पाहिजेत.

कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने श्वसनयंत्र, पट्टा, दोर आणि दोराचे दुसरे टोक धरून बाहेर उभा असलेला माणूस यांची तरतूद केली, तर कलम ३६अ ने अशा जागेतील हातदिव्यासाठी २४ व्होल्टची मर्यादा घातली. बाहेरच्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगू नये. चहा आणायलाही त्याला पाठवू नये.

आत उतरलेला माणूस कोसळला तर?

कोणीही मागोमाग आत उडी घेऊ नये. टाक्यांच्या दुर्घटनांत एकामागून एक माणसे दगावतात ती याच कारणाने. तिवई आणि हार्नेस असेल तर बाहेरूनच ओढून काढावे, ब्लोअर चालू ठेवावा आणि १०१ व १०८ या क्रमांकांवर कळवावे. आत जायचेच झाले तर स्वतःची हवा पाठीवर वाहणारे श्वसनयंत्र घातलेला, प्रशिक्षित माणूसच जाईल. गाळणीचा मास्क प्राणवायू तयार करत नाही, त्यामुळे तो येथे निरुपयोगी आहे.

देखभालीचे वेळापत्रक कसे असावे?

प्रत्येक पाळीत करंट, आवाज, सीलचे पाणी आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहावी. आठवड्यातून एकदा इमर्जन्सी स्टॉप आणि पातळीचा इंटरलॉक प्रत्यक्ष चालवून पाहावा. नव्या गिअरबॉक्सचे पहिले तेल पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर न चुकता बदलावे, कारण सुरुवातीच्या घर्षणात सुटलेले धातूचे कण त्यात असतात. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. सबमर्सिबल मिक्सरच्या ऑइल चेंबरमधील तेलात स्लरीचा रंग दिसल्यास बाहेरचे मेकॅनिकल सील गेले आहे आणि आता केवळ आतले सील मोटर वाचवत आहे. ओलाव्याच्या सेन्सरने अलार्म दिल्यावर ‘सेन्सर खराब असेल’ म्हणून त्याची तार काढणे हा मोटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पाती, बोल्ट आणि झीज यांची मोठी तपासणी ऊस गाळप संपल्यानंतरच्या काळात ठेवणे सोयीचे पडते, मात्र सुटे भाग त्याआधी मागवलेले असावेत.

पात्यांना तंतू व दोऱ्या गुंडाळल्या जातात. उपाय काय?

नेपियर गवत बारीक कापून घ्यावे, आणि शेणासोबत येणारे दावे, सुतळी व प्लास्टिक फीड टाकीच्या जाळीवरच अडवावे. हे मिक्सरच्या अंगावर सोडल्यास हाताने कापण्याचे काम शेवटी छतावर, उघड्या झाकणापाशी करावे लागते.

वीज वारंवार जाते. मिक्सरसाठी वेगळी व्यवस्था लागते का?

किमान एक मिक्सर आणि फ्लेअर जनरेटरवर चालला पाहिजे. एक फेज गेल्यावर मोटर गुणगुणत तापते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि वाइंडिंगमधील थर्मिस्टरची (तापमान ओळखणाऱ्या सेन्सरची) जोडणी दोन्ही कार्यरत असावीत. वीज परतल्यावर सर्व मिक्सर एकाच क्षणी आपोआप सुरू होतील अशी रचना ठेवू नये. एकेक करून, ऑपरेटरने पाहूनच ते सुरू करावेत. केबल किंवा ट्रान्सफॉर्मरचे काम झाल्यानंतर फिरण्याची दिशा तपासावी, कारण दोन फेज अदलाबदल झाल्यास मिक्सर उलटा फिरतो आणि करंट जवळपास तेवढाच दिसत असल्यामुळे महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मेगरचे (वाइंडिंगचे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाचे) रीडिंग किती असावे?

४१५ व्होल्टच्या मोटरसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरावा. रीडिंग ५ मेगाओमच्या खाली आले तर कारण शोधावे आणि १ मेगाओमच्या खाली आले तर मोटर सुरू करू नये. मेगर लावण्यापूर्वी व्हीएफडीच्या तारा सोडाव्यात, नाहीतर मोटर तपासताना व्हीएफडी जळतो. तारा सोडायला जंक्शन बॉक्स उघडण्याची गरज नाही, हे काम पॅनेलच्या बाजूने करावे. साधा मेगर स्वतः ठिणगी पाडू शकतो, त्यामुळे छतावर, झाकणापाशी तो नेऊ नये. एकट्या आकड्यापेक्षा त्याची उतरती दिशा महत्त्वाची असल्याने प्रत्येक रीडिंगसोबत तारीख आणि मोटर गरम होती की थंड, हेही लिहावे.